पायवाटा आधी, नावे मागून : पचमढीच्या धबधब्यांचा व खोहांचा मागोवा

मध्यप्रदेशात दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरातील माणसाला ‘तुमचा डोंगर कोणता?’ असे विचारले, तर तो क्षणाचाही विचार न करता ‘सह्याद्री’ असे उत्तर देतो. त्यात वावगे काही नाही. दिवाणखान्यात रायगडाचे चित्र असते, मुलांच्या गोष्टींत सिंहगड असतो. परंतु त्या घरातील मुलांनी सह्याद्री फार तर दोन वेळा, लग्नकार्याच्या धावपळीत, गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. ज्या डोंगरावर ती खरोखर चढतात, ज्याच्या ओढ्यांत पाय बुडवून बसतात, तो डोंगर सातपुडा होय. आमच्या मंडळींच्या सहली पिपरिया स्टेशनवर उतरतात आणि तेथून मोटारीने पचमढी गाठतात. चार दिवस धबधबे पाहून, खोहांच्या काठावर उभे राहून आम्ही परततो, आणि ‘इंग्रजांनी शोधून काढलेले एक सुंदर ठिकाण पाहिले’ असे सांगतो.

ह्या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पचमढी इंग्रजांनी शोधून काढली हा पहिला, आणि आम्हां मराठी माणसांचा तिच्याशी संबंध केवळ सहलीपुरता आहे हा दुसरा. ह्या लेखात हे दोन्ही समज तपासून पाहावेत असा आमचा मानस आहे. त्यासाठी दफ्तरे फार उलटावी लागत नाहीत. धबधब्याकडे उतरणारी वाट कोणी पाडली आणि त्या धबधब्याला नाव कोणी दिले, एवढे दोन प्रश्न जरी मनात धरून चालले, तरी पचमढीचा बराचसा इतिहास पायांखालीच सापडतो.

डोंगराची घडण

पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार सत्तर मीटर उंचीवर आहे. त्याच्या कडेला धूपगड हे सातपुड्याचेच नव्हे, तर साऱ्या मध्यप्रदेशाचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची १३५० मीटरच्या आसपास भरते. त्याच्या जोडीला चौरागड आणि महादेव ही शिखरे आहेत. ह्या डोंगररांगेला जुन्या लेखांत ‘महादेवाचे डोंगर’ असेच म्हटलेले आढळते. देनवा नदी ह्या डोंगरांना जवळजवळ वळसा घालून पुढे तवेला मिळते आणि तवा नर्मदेत जाते. म्हणजे पचमढीच्या धबधब्यांचे पाणी शेवटी नर्मदेचेच होते.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला येथे पहिल्या दिवशीच फरक जाणवतो. सह्याद्रीचा दगड काळा, लाव्ह्याचा. त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे. पचमढीचा दगड वाळूचा, पिवळसर-तांबूस आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या रेतीचा बनलेला आहे. ह्या वालुकाश्मात उभ्या भेगा असतात. पाणी त्या भेगांत शिरते, त्या रुंदावते, आणि युगानुयुगांनी जमिनीला उभी चीर पडावी तशी घळ तयार होते. तिलाच येथील लोक ‘खोह’ म्हणतात. खोह दुरून दिसत नाही. सपाट रानातून चालता चालता झाडी संपते आणि पुढच्या पावलाला जमीनच नसते. हांडी खोह हे ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तिचे कडे सुमारे तीनशे फूट सरळ खाली जातात. ह्याच दगडाचा दुसरा गुण असा, की तो पावसाचे पाणी पोटात साठवतो आणि झऱ्यांवाटे सावकाश सोडतो. म्हणून सह्याद्रीतील कितीतरी धबधबे दिवाळीनंतर आटतात, तेव्हाही पचमढीचे अनेक ओढे वाहते राहतात.

ह्या दगडांच्या अभ्यासातूनच भूगर्भशास्त्राला एक जगप्रसिद्ध शब्द मिळाला. मेडलिकॉट ह्या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये मध्य भारतातील ह्या खडकांच्या मालिकेला गोंडांच्या राज्यावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियातील एडुआर्ड झ्यूस ह्याने दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला ‘गोंडवनलँड’ म्हटले. आफ्रिकेतला किंवा ऑस्ट्रेलियातला शाळकरी मुलगा आज भूगोलाच्या तासाला जो शब्द घोकतो, तो ह्या डोंगरांतील वनवासी समाजाचे नाव आहे. पण त्याच समाजाने आपल्या दऱ्यांना दिलेली नावे किती नकाशांवर आली, हा प्रश्न मात्र उरतोच.

पहिली पावले

ह्या दऱ्यांतील पहिल्या वाटा कोणाच्या, ह्याचे उत्तर खडकांवर रंगवून ठेवलेले आहे. पचमढीच्या परिसरात चित्रे असलेले कितीतरी शैलाश्रय आहेत. त्यांत शिकारी आहेत, धनुर्धारी आहेत, नाचणारी माणसे आहेत, मध काढणारी माणसेही आहेत. १९३० नंतरच्या दशकात डी. एच. गॉर्डन ह्या लष्करी अधिकाऱ्याने ह्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि नागपूरचे प्राध्यापक जी. आर. हंटर ह्यांनी ‘डोरोथी डीप’ नावाच्या आश्रयात उत्खनन केले. ती चित्रे रंगवणारे लोक पाण्याच्या जवळ राहत होते, हे आश्रयांच्या जागा पाहिल्या म्हणजे सहज कळते. अशा आश्रयांकडे जाणाऱ्या वाटा बहुतेक ओढ्याच्या काठाकाठानेच जातात.

त्यानंतरच्या काळात हा मुलूख कोरकू आणि गोंड ह्यांचा आहे. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत महादेवानेच वारुळाच्या तांबड्या मातीच्या दोन मूर्ती करून त्यांत प्राण घातले, आणि मुला व मुलई हे पहिले जोडपे जन्मास आले. गोंडांच्या कथेत महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगो ह्या वीरपुरुषाने त्यांना बाहेर काढले. ही लिंगोची गाथा नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्याने टिपून ठेवली होती. १८६३ मध्ये त्याचा बुडून अंत झाल्यानंतर रिचर्ड टेंपलने ती १८६६ मध्ये छापली. दोन्ही कथांत डोंगर, गुहा आणि महादेव एकत्र येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या दरीला आम्ही ‘दृश्य’ म्हणतो, ती ह्या लोकांच्या लेखी जन्मस्थान होय.

कोरकूंच्या राजवंशीय घराण्यांकडे महादेवाच्या देवस्थानाची परंपरागत राखण होती. शिवरात्रीला देनवेच्या दरीतून, छिंदवाड्याच्या रानातून यात्रेकरू येत. मोठ्या महादेवाची गुहा, एका वेळी एकालाच अंग आखडून जाता येईल अशी गुप्त महादेवाची चीर, जटाशंकराची खोल घळ आणि चौरागडाचा माथा, ही ह्या यात्रेची ठिकाणे. भस्मासुराच्या भयाने महादेव ह्या घळींतून लपत फिरला, अशी कथा सांगतात. कथा कोणी खरी मानो वा न मानो; पण तिच्यात येणारी ठिकाणे ओळीने जोडली, तर पचमढीच्या दऱ्यांतून जाणारी एक जुनी वाट आपोआप आखली जाते.

आप्पासाहेबांचा आसरा

ह्या वाटांवरून एक मराठी राजा पळाला होता, हे आमच्या मुलांना क्वचितच कोणी सांगते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. पुढील वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेब भोसले ह्यांना पदच्युत करून प्रयागला कैदेत पाठविण्याचे ठरविले. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या परिसरात मुक्काम असता आप्पासाहेब शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले आणि थेट महादेवाच्या डोंगरांत शिरले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा ह्याने त्यांना आश्रय दिला. गोंड आणि कोरकू त्यांच्या बाजूने उभे राहिले.

ह्या प्रसंगाचा विचार करताना खोहांचे खरे महत्त्व लक्षात येते. ज्या दऱ्या आज आम्ही कठड्याला टेकून पाहतो, त्यांच्यामुळे कवायती फौजेला महिनोन् महिने ह्या डोंगरांत सहज हात घालता आला नाही. तोफा वर चढत नव्हत्या, आणि वाटा ठाऊक असलेले लोक राजाच्या बाजूचे होते. १८१९ च्या आरंभी इंग्रजांची पथके चोहोंकडून डोंगरात शिरली, तेव्हा आप्पासाहेब चितू पेंढाऱ्याच्या सोबतीने असीरगडाकडे निघून गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये असीरगड पडला. आप्पासाहेब पंजाब व इतरत्र भटकत अखेर जोधपूरला राहिले आणि १८४० मध्ये तेथेच वारले. एका परागंदा मराठी राजाला आपल्या प्रजेपेक्षा ह्या वनवासी लोकांनी अधिक जवळ केले, हे ऋण आम्ही विसरता कामा नये.

चाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले. नागपूरच्या जुन्या मुलखात उठाव व्हावा ही त्यांची आशा होती; ती सफळ झाली नाही. परंतु ह्या डोंगरांतील जहागीरदार राजा भभूतसिंह ह्यांनी लढा चालू ठेवला. १८६० मध्ये जबलपूरला त्यांना देहदंड झाला. तात्यांना त्याआधीच, एप्रिल १८५९ मध्ये, शिवपुरीस फाशी झाली होती.

फोर्सिथ आला तो ह्यानंतर

आता इंग्रजांचा ‘शोध’ पाहू. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी पचमढीच्या पठारावर गेला आणि त्याने ही जागा जगापुढे आणली, ही गोष्ट खरी आहे. अनेक मार्गदर्शक पुस्तिकांत ह्या घटनेचे साल १८५७ असे छापतात. परंतु फोर्सिथच्या स्वतःच्या वृत्तांताप्रमाणे तो १८६२ च्या आरंभी, मध्य प्रांताची नवी स्थापना झाल्यानंतर, तेथे जंगलांची पाहणी करण्यास व एक निवासस्थान बांधण्यास गेला होता. त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ आजही पचमढीत आहे. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी तो ऐन तारुण्यात वारला.

तारखांचा हा क्रम निव्वळ पंडिती काथ्याकूट नव्हे. आप्पासाहेब येथे राहून गेले १८१८ मध्ये. तात्या टोपे आले १८५८ मध्ये. भभूतसिंहांचा देहान्त झाला १८६० मध्ये. आणि ‘शोध’ लागला १८६२ मध्ये! म्हणजे ज्या डोंगराने दोनदा बंडाला आसरा दिला, त्याची नीट माहिती करून घेणे हे नव्या सत्तेचे कामच होते. फोर्सिथविषयी आमच्या मनात अनादर नाही. तो उत्तम निरीक्षक होता. सालवृक्ष आणि साग ह्यांची राज्ये येथे कशी भेटतात, हे त्याने बारकाईने लिहिले. महादेवाची यात्रा आणि तिच्यात शिरणारी कॉलऱ्याची साथ ह्यांचेही त्याने वर्णन केले. पण त्याच्याच पुस्तकात वाट दाखवणारे कोरकू पानोपानी भेटतात. ज्याला वाटाड्या मिळतो, त्याने ती वाट शोधली असे कसे म्हणावे?

त्याच्यामागून वनखाते आले. १८६५ मध्ये पायथ्याचे बोरीचे जंगल राखीव झाले. भारतातील पहिले राखीव वन म्हणून त्याचा उल्लेख होतो. रान जाळून त्या राखेत पेरणी करण्याची कोरकूंची जुनी पद्धत हळूहळू बंद पडली. १८७० मध्ये इटारसी-जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि पिपरिया स्टेशन जगाला जोडले गेले. पठारावर लष्करी आरोग्यधाम झाले, बंगले उठले, देवळे बांधली गेली, आणि पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळ्यातील राजधानी बनली.

उन्हाळ्याची नावे

धबधब्यांची इंग्रजी नावे ह्याच काळातली. बी फॉल, बिग फॉल, डचेस फॉल, फेअरी पूल, पॅन्सी पूल, आयरीन पूल अशी ती यादी आहे. ह्यांतील ‘पूल’ म्हणजे आमच्या भाषेतला नदीवरील पूल नव्हे, तर डोह होय. ह्या यादीत डोह इतके का, असा प्रश्न आम्हांस पडला. त्याचे उत्तर ऋतूत असावे असे आम्हांस वाटते. सरकारी मंडळी उन्हाळ्यात वर येत आणि पावसाळा सुरू झाला की खाली नागपूरला परतत. वैशाखाच्या काहिलीत ओढ्याची धार बारीक झालेली असते, आणि माणसाला ओढ लागते ती सावलीतल्या गार डोहाची. तेथे बसावे, पोहावे, न्याहारी करावी. म्हणून नावे पडली ती डोहांना. आषाढात कड्यावरून कोसळणारा तोच ओढा पाहायला त्यांतले फार थोडे मागे राहिले असतील.

ह्या नावांपैकी एक आमच्या नागपूरशी जोडलेले आहे. आयरीन पूल हे नाव आयरीन बोस ह्यांच्यावरून पडले. त्या अमेरिकेतील जॉन मॉट ह्यांच्या कन्या आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांच्या पत्नी होत. न्यायमूर्ती बोस पुढे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ते बालवीर चळवळीचे मोठे पुरस्कर्ते होते. भारत स्काउट्स आणि गाइड्स ह्या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही पचमढीतच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढण्याचा पहिला धडा तेथेच गिरविला असेल.

उन्हाळी राजधानीचा आणखी एक पडसाद मराठी राजकारणात उमटला. १९३८ च्या मे महिन्यात मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे आणि महाकोशलातील मंत्री ह्यांच्यातील तंटा मिटविण्यासाठी वल्लभभाई पटेलांच्या उपस्थितीत पचमढीसच बैठक झाली आणि समेट घडला. तो दोन महिनेही टिकला नाही. जुलैत खरे मंत्रिमंडळ गेले. मराठी आणि हिंदी भागांच्या त्या ओढाताणीत कोणाचे किती चुकले, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. एकाच डोंगरावर दोन्ही भाषांचे लोक एकत्र येऊन बसत होते, एवढेच सांगावयाचे आहे.

पावसाळ्याची यात्रा

सरकारी मंडळी ज्या वेळी डोंगर उतरत, त्याच वेळी दुसरी एक मंडळी डोंगर चढत असे, आणि आजही चढते. नागपंचमीच्या आधीचे सुमारे दहा दिवस नागद्वारीची यात्रा भरते. धूपगडाच्या बाजूने दरीत उतरून काजळी, पद्मशेष, चित्रशाळा, स्वर्गद्वार अशी ठिकाणे घेत पायी जावे लागते. वाट निसरडी, धुक्याची, ओढ्यांनी ठायी ठायी तोडलेली. कड्यांवर काही ठिकाणी लोखंडी शिड्या. ह्या यात्रेकरूंत फार मोठा भाग विदर्भातून येतो. वर्धा, नागपूर, अमरावतीकडील शेतकरी पेरणी उरकून येतात. वाटेत अन्नछत्रे चालविणारी मंडळेही बहुतांशी तिकडचीच. त्या दहा दिवसांत पचमढीच्या रानात कान दिला, तर ओढ्याच्या आवाजाबरोबर वऱ्हाडी बोली ऐकू येते.

शिवरात्रीच्या यात्रेतही तेच. नवस फेडण्यासाठी त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढणारे भाविक विदर्भातून आणि छिंदवाड्याच्या मराठी पट्ट्यातून येतात. माथ्यावर हजारो त्रिशूळांचे ढीग आहेत. छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेवजवळ ह्या जुन्या वाटेचा आरंभ मानतात आणि त्या जागेला ‘पहली पायरी’ म्हणतात. हिंदी मुलखात ‘सीढ़ी’ न म्हणता ‘पायरी’ म्हणावे, ह्यातच कोणाची पावले तेथे पडत आली हे दिसते. हा प्रदेश भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. सौंसर व पांढुर्णा येथे आजही मराठी बोलली जाते. विदर्भातील खेड्यांत महादेवाच्या यात्रेची गाणी पिढ्यान् पिढ्या गायली गेली. ज्या बाईने कधी नकाशा पाहिला नाही, तिला ह्या डोंगरातील प्रत्येक घळीचा क्रम पाठ होता.

म्हणून आम्ही म्हणतो, पचमढीच्या धबधब्यांचे ऐन वैभव ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले, ते बंगल्यांतले पाहुणे नव्हेत. ते कोरकू, गोंड आणि हे अनवाणी यात्रेकरू होत. त्यांनी धबधब्यांना राण्यांची नावे दिली नाहीत. त्यांच्या लेखी ते वाटेत लागणारे देवाचे पाणी होते. त्याला नमस्कार करावा, ओंजळभर प्यावे आणि पुढे चालावे.

नावे बदलली, माणसे हलली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पचमढी मध्यप्रदेशात राहिली आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सरकारी नोकरीतील कितीतरी मराठी कुटुंबे तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला आली. आजच्या अनेक मराठी मंडळांचे आधारस्तंभ त्यांच्याच पुढल्या पिढ्यांतले आहेत. ह्या कुटुंबांचे गाव बदलले, शेजार बदलला, मुलांच्या शाळेची भाषा बदलली. पचमढी मात्र त्यांच्या आधीच्या राज्यातही होती आणि नंतरच्याही राज्यात राहिली. दोन्ही आयुष्यांत सामायिक राहिलेला एवढा एक डोंगर!

स्वातंत्र्यानंतर धबधब्यांची नावेही पालटली. बी फॉलचा जमुना प्रपात झाला. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक आधार आहे. सुमारे साडेतीनशे फुटांवरून एकाच उडीत कोसळणारा बिग फॉल रजत प्रपात झाला, डचेस फॉल जलावतरण झाला, फेअरी पूल अप्सरा विहार झाला आणि आयरीन पूल रम्य कुंड. जेथून फोर्सिथने पठार प्रथम पाहिले असे मानतात, तो फोर्सिथ पॉइंट इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ प्रियदर्शिनी पॉइंट झाला. नावे गोड आहेत. परंतु नीट पाहिले तर ‘फेअरी’ची ‘अप्सरा’ करणे हे भाषांतर झाले. जुने नाव परत आणणे नव्हे. कोरकू त्या डोहाला काय म्हणत, हे कोणी विचारल्याचे त्यात दिसत नाही. उलट हांडी खोहीचे पाहा. ‘हांडी’ नावाच्या साहेबाने तेथे उडी घेतली अशी कथा वाटाडे सांगतात. पण फोर्सिथने ते नाव ‘अंधी खोह’ ह्या वळणाने लिहिले आहे. अंधारी, तळ न दिसणारी खोह! किती अर्थपूर्ण नाव, आणि उच्चारातल्या एका फरकाने ते काल्पनिक साहेबाच्या पदरात पडले.

१९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे व्याघ्रप्रकल्प आला, आणि २००९ मध्ये पचमढी जीवावरण क्षेत्राला युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले. वाघ वाचले पाहिजेत ह्याविषयी दुमत नाही. तथापि त्यासाठी आतली अनेक कोरकू-गोंड गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. ज्यांच्या तोंडी ओढ्याओढ्याचे नाव होते, तेच लोक ओढ्यांपासून दूर गेले. त्यांच्या नातवंडांना ती नावे किती येतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने पचमढीस बैठक घेऊन तेथील अभयारण्याला राजा भभूतसिंहांचे नाव देण्याचा निर्णय केला. फोर्सिथच्या आधीचे एक नाव नकाशावर आले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण एका नावाने सगळ्या वाटांचे ऋण फिटत नाही.

आम्ही काय करावे?

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्था मागे वळून पाहते आणि पुढचे संकल्पही सोडते. आमची सूचना अगदी साधी आहे. मंडळाची पुढली सहल पचमढीस जाईल तेव्हा जीपमधून चार ‘पॉइंट’ पाहून परतण्याऐवजी एक तरी वाट पूर्ण पायी चालावी. वनखात्याचा परवाना घ्यावा, आखून दिलेल्या वाटेवरूनच जावे, डोहात साबण व काठावर कागद-पिशव्या टाकू नयेत. कारण त्या पाण्याखाली एक गाव तहान भागवते आणि पुढे नर्मदा वाहते. वाटाड्या स्थानिक कोरकू किंवा गोंड असावा, त्याला रास्त मेहनताना द्यावा, आणि प्रत्येक ओढ्यापाशी त्याला ‘तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात?’ असे विचारून मुलांनी ते वहीत टिपून घ्यावे. दहा सहलींत अशी एक लहानशी वही भरेल. तिची किंमत कोणत्याही छायाचित्रांच्या पुस्तकाहून अधिक होईल.

शक्य झाल्यास एखादे वर्षी पावसाळ्यात, नागद्वारीच्या दिवसांत, जावे. त्या वाटेवर विदर्भातील एखादी म्हातारी काठी टेकीत पुढे जाताना भेटेल आणि ‘कुठले गा तुम्ही?’ असे विचारील. आमच्या मुलांनी तिला आपल्या शहराचे नाव सांगावे, आणि तेही मराठीत सांगावे. तिच्या मागोमाग दोन कोस चालले, म्हणजे सातपुडा परका नाही हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सह्याद्री आमच्या पूर्वजांचा डोंगर आहे. त्याचा अभिमान राहीलच. सातपुड्याने मात्र आमच्या राजाला आसरा दिला, आमच्या यात्रेकरूंना वाट दिली आणि आमच्या मुलांना पाणी दिले. त्या डोंगरावर हक्क सांगण्याचे कारण नाही. त्याची ओळख ठेवणे, आणि ज्यांनी त्याच्या वाटा पाडल्या त्यांची नावे पुसू न देणे, एवढे कर्तव्य मात्र आमच्याकडे नक्कीच येते.